सालदारांच्या गावात ब्रिटनच्या गुलामीचा इतिहास : चार रात्रींचा अभ्यासवर्ग कसा घ्यावा

ब्रिटनमधली गुलामी शिकवायची म्हटली की बहुतेक जण थेट १८३३ च्या गुलामीबंदी कायद्यावर उडी मारतात, त्यासाठी संसदेत झगडलेल्या विल्बरफोर्सचं नाव घेतात आणि दहा मिनिटांत मोकळे होतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावांत असं करणं म्हणजे हातचा श्रोता घालवणं. इथे एकाच सतरंजीवर सालदार (वर्षाच्या बोलीने शेतावर राबणारा मजूर) बसलेला असतो, गुजरातेतून ऊसतोड करून परतलेलं जोडपं असतं आणि ज्याच्याकडे दोन सालदार आहेत तो शेतकरीही असतो. उचल (आगाऊ घेतलेले पैसे), साल (वर्षाची बोली), खाडा (कामावरची गैरहजेरी), मुकादम (मजुरांची टोळी नेणारा) हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणून ब्रिटनचा इतिहासही त्याच अंगाने उघडावा: माणूस कशाने बांधला गेला, आणि सोडून निघाला तर त्याचं काय झालं?

ही रीत १२ ते १५ जणांसाठी आहे. चार बैठका, प्रत्येकी दीड तास. वीसच्या वर माणसं झाली की मागचे गप्पा मारू लागतात. जागा म्हणून वाचनालय, समाजमंदिर किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली चालते. शेतकऱ्याच्या ओट्यावर मात्र घेऊ नये. मालकाच्या दारात सालदार तोंड उघडत नाही.

वेळ आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची धरावी. आखाजीच्या आधीचे आठ-दहा दिवस नव्या सालाच्या बोलणीत जातात. तेव्हा वर्ग ठेवला तर 'हे मजुरी वाढवायला आलेत' असं गावभर होतं. खुद्द सणाला बायका झोक्यावर आणि माणसं पत्त्यांवर, कोणी येणार नाही. सण उरकल्यावर, मृगाच्या आधी, जेवणं झाल्यावर रात्री साडेआठला बसावं. ऊसतोडीच्या टोळ्याही तोवर घरी आलेल्या असतात. प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. सगळं साहित्य कंदिलाच्या उजेडात वाचता येईल असं ठळक अक्षरात करावं.

पट्टी आणि चिठ्ठ्या

लग्नाचा किंवा निवडणुकीचा जुना दहा बाय तीन फुटी फ्लेक्स मागून घ्या. मागची बाजू पांढरी असलेलाच पाहा. काळ्या पाठीवर मार्कर दिसत नाही. मधोमध आडवी रेघ मारा. ही काळाची पट्टी; घटना लिहिलेल्या चिठ्ठ्या तिच्यावर आपापल्या वर्षाला लागतात. ३० सेंटिमीटरला एक शतक धरलं की १०५० ते २०५० ही हजार वर्षं ३ मीटरमध्ये बसतात. चिठ्ठ्या पोस्टकार्डाच्या मापाच्या कराव्यात. फ्लेक्सवर खळ धरत नाही, सेलोटेप लावावी.

पहिल्यांदा पट्टी करणारे एका ठिकाणी हमखास अडतात. १७७२ ते १८३८ या ६६ वर्षांना २० सेंटिमीटरही मिळत नाहीत आणि सगळ्यात जास्त चिठ्ठ्या तिथेच येतात. मग त्या एकमेकींवर चढतात आणि महत्त्वाचा भागच वाचता येत नाही. त्यासाठी १७७० ते १८४० ची वेगळी पट्टी करा: वर्षाला २ सेंटिमीटर, म्हणजे १४० सेंटिमीटर. तिच्यावर चिठ्ठ्या रेघेच्या आळीपाळीने वर-खाली लावून दोऱ्याने वर्षाला जोडाव्यात.

शेजारी एक तक्ता हवा. उभ्या घरांत हे पाच प्रश्न लिहा. सोडून जाता येतं का? गेला तर त्याला धरून कोण आणतं: मालक, सरकार की कोर्ट? मोबदला कशात आणि कोणाच्या हातात? बंधन मुलाबाळांवर उतरतं का? जमीन किंवा खाण विकली तर माणूसही तिच्याबरोबर जातो का? आडव्या ओळी, एकेका तऱ्हेने बांधलेल्या माणसाच्या, चार रात्रींत भरत जातात. 'हो' किंवा 'नाही' लिहू देऊ नका, एक वाक्य लिहायला लावा. सगळा इतिहास त्या वाक्यातल्या 'पण'मध्ये असतो.

पहिली रात्र : गुलाम, कूळ आणि बापामागे गेलेला बैल

सुरुवात १०८६ च्या डूम्सडे बुकापासून. विजेत्या विल्यमने इंग्लंडची करासाठी केलेली ही मोजणी. तिच्यात नोंदलेल्या माणसांपैकी साधारण दहापैकी एक गुलाम आहे. पश्चिमेकडे ग्लॉस्टरशायर, कॉर्नवॉलमध्ये प्रमाण पाचव्या हिश्शाच्या वर, तर लिंकनशायर आणि यॉर्कशायरमध्ये एकही नोंद नाही. 'ओपन डूम्सडे' या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की किती कुळं, किती गुलाम, किती नांगर हे फुकट दिसतं. ग्लॉस्टरशायरमधली चार-पाच गावं आधीच कागदावर उतरवून न्यावीत. रात्री मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. ब्रिस्टॉलमधून माणसं आयर्लंडला विकली जात. वुस्टरचा बिशप वुल्फस्टन त्याविरुद्ध उपदेश करत असे, आणि ११०२ च्या वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने जनावरांसारखी माणसं विकायला मनाई केली.

गुलामी विरत गेली, पण त्याच्या आधीपासून होता तो 'व्हिलिन' आता संख्येने मोठा ठरला. हा बांधलेला कूळ. इथे रेंगाळा, कारण शेतकऱ्यांना हाच भाग सगळ्यात आधी भिडतो. त्याच्याकडे जमीन असे, पूर्ण वाटा साधारण ३० एकरांचा. त्या बदल्यात आठवड्यातले दोन-तीन दिवस धन्याच्या शेतात फुकट राबायचं, सुगीत त्याहून जास्त. मुलगी उजवायची तर धन्याला पैसे भरायचे. बाप मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर धन्याचं. जोडीतला चांगला बैल बापामागोमाग गेला तर पुढच्या पेरणीचं काय, हा प्रश्न बैठकीत कोणीतरी विचारतोच. नाही विचारला तर तुम्ही विचारा.

तक्त्यात 'सोडून जाता येतं का'पुढे नुसतं 'नाही' लिहिलं गेलं तर थांबवा. सनद मिळालेल्या शहरात तो पळून गेला आणि वर्ष-एक दिवस न पकडला जाता राहिला, तर बहुतेक ठिकाणी मोकळा गणला जाई. ही एक फट पुष्कळ काही सांगते.

मग १३४८-४९ ची प्लेगची साथ. माणसं मेली, हात महागले. १३४९ चा हुकूम आणि १३५१ चा मजुरांचा कायदा यांनी मजुरी साथीआधीच्या दरावर गोठवली. दर चिठ्ठीवर लिहून द्या: गवत वाळवायला दिवसाला १ पेनी, गवत कापायला एकरी ५ पेन्स, सोंगणीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २ पेन्स आणि दुसऱ्यापासून ३. ऐकत नाही त्याला खोड्यात घालायचं. ३० वर्षांनी, जून १३८१ मध्ये, शेतकऱ्यांनी लंडन गाठलं. वॉट टायलर त्यांचा पुढारी. कुळाचं बंधन संपवा आणि जमीन एकरी ४ पेन्स खंडाने द्या, ही त्यांची मागणी होती. १४ जूनला माइल एंडच्या माळावर राजाने कबूल केलं, १५ जूनला स्मिथफील्डमध्ये टायलर मारला गेला आणि नंतर राजाने शब्द मागे घेतला. तरी पुढच्या दोनशे वर्षांत हे बंधन झिजत गेलं. मजूर मिळेनात तेव्हा धन्यांनाच खंडाने जमीन देणं परवडू लागलं.

१५४७ च्या कायद्याला एक चिठ्ठी पुरे. बेकार भटकणाऱ्याच्या छातीवर डाग देऊन दोन वर्षं गुलाम करायचं, पळाला तर कायमचं. राबवणंच जमेना म्हणून दोन-तीन वर्षांत तो रद्द झाला.

दुसरी रात्र : स्कॉटलंडची खाण

हा भाग पाठ्यपुस्तकांत जवळपास नसतो, आणि आमच्या मते सालदारांच्या गावात सगळ्यात कामाचा तोच आहे. १६०६ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कोळसा आणि मीठ काढणाऱ्या मजुरांसाठी कायदा केला. आधीच्या मालकाच्या दाखल्याशिवाय त्यांना कोणी कामावर ठेवायचं नाही. न सांगता गेलेल्याला चोर समजायचं, कारण त्याने मालकाचा माल, म्हणजे स्वतःलाच, पळवला. खाण विकली की मजूरही तिच्यासोबत नव्या मालकाकडे. १७०१ मध्ये विनाचौकशी कैदेत ठेवण्याविरुद्ध तिथे कायदा झाला, त्यातून कोळसा-मीठ मजुरांना नाव घेऊन वगळलं.

मुलं कशी बांधली जायची ते नीट सांगा. बारशाच्या वेळी खाणमालक बापाच्या हातावर थोडी रक्कम ठेवायचा. बापाने ती घेतली की मूल त्या खाणीचं झालं. आपल्याकडचा बयाणाच, फक्त विकलं जात होतं ते मूल. इथे उचलीची तुलना कोणीतरी करणारच. करू द्या, पण लगेच तक्त्याकडे वळवा. उचल फेडल्यावर सालदार दुसरीकडे जाऊ शकतो. खाणीतल्या पोराला फेडायचा आकडाच नव्हता. मग कोणी म्हणेल, फिटतच नाही अशी उचल असली तर? हा प्रश्न तक्त्याखाली लिहून ठेवा, चौथ्या रात्री लागतो.

एक वस्तू डोळ्यांसमोर उभी करा. एडिनबरोतल्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पितळेचा एक गळपट्टा आहे. फोर्थच्या खाडीतून वर आलेला. त्यावर कोरलंय की अलेक्झांडर स्टुअर्ट हा ५ डिसेंबर १७०१ रोजी पर्थ इथे चोरीसाठी देहदंडाला पात्र ठरला आणि त्याला अल्व्हाच्या सर जॉन अर्स्किन यांना कायमचा नोकर म्हणून बक्षीस दिलं. त्याच मापाची पुठ्ठ्याची पट्टी कापून, मजकूर मराठीत लिहून हातोहात फिरवा. कोणाच्या गळ्यात मात्र घालू नका, गमतीनेही नाही. गावात जात विसरून अशी गंमत होत नसते.

सुटका दोन हप्त्यांत झाली. १७७५ च्या कायद्याने नवे मजूर बांधायला बंदी केली; जुन्यांना वयाप्रमाणे ३ ते १० वर्षं थांबायला लावलं, शिवाय मोकळीक कोर्टात जाऊन मागायची होती. कर्जात असलेला मजूर कोर्टात कशाला जातोय? पुष्कळ जण तसेच अडकून राहिले. १७९९ च्या कायद्याने सगळे एकदम मोकळे केले. दोन कायद्यांतला हा फरक फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा: हक्क मागायला लावला तर तो गरिबाला मिळत नाही, आपोआप लागू केला तरच मिळतो.

तिसरी रात्र : जहाजं, मळे आणि भरपाई

इथे आवाज बदलावा लागतो. दुसऱ्या रात्रीनंतर 'गोरेही गुलामच होते, मग आफ्रिकनांचं काय वेगळं' असं कोणी ना कोणी म्हणतो. त्याला गप्प करू नका, तक्ता भरायला बसवा. कातडीच्या रंगावरून ठरलेली, आईकडून मुलाला उतरणारी गुलामी. समुद्रापार नेलेलं, एकेकटं विकता येणारं माणूस. ओळ भरली की वाद आपोआप बसतो.

आकडे मोजकेच द्या. ब्रिटिश जहाजांनी आफ्रिकेतून साधारण ३१ लाख माणसं उचलली, उतरली २७ लाख. म्हणजे आठांतला एक वाटेतच मेला. लंडन, ब्रिस्टॉल, मग लिव्हरपूल ही त्या धंद्याची बंदरं. १७८१ मध्ये झाँग जहाजावरून १३० हून अधिक जिवंत माणसं समुद्रात फेकली आणि मालकांनी त्यांचा विमा मागितला. कोर्टात गेला तो विम्याचा दावा. खुनाचा खटला कोणावर झाला नाही.

दोन गैरसमज इथेच निस्तरावेत. १७७२ च्या सॉमरसेट या गुलामाच्या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डने इंग्लंडातली गुलामी रद्द केली असं सर्रास सांगतात. निकाल एवढाच होता की गुलामाला त्याच्या मनाविरुद्ध जबरीने देशाबाहेर नेता येणार नाही. स्कॉटलंडच्या कोर्टाने १७७८ मध्ये जोसेफ नाइट या गुलामाच्या खटल्यात पुढे जाऊन सांगितलं की आपला कायदा गुलामी मानतच नाही. आता छोटी पट्टी बघायला लावा: त्या दिवशी त्याच देशात कोळसामजूर बांधलेलेच होते आणि आणखी २१ वर्षं पुरते सुटायचे नव्हते. त्याआधी १७७० च्या सुमारास डेव्हिड स्पेन्स या आफ्रिकन माणसाच्या खटल्यासाठी फाइफमधल्या कोळसा आणि मीठ मजुरांनी वर्गणी काढली होती.

दुसरा गैरसमज, गुलामी भल्या माणसांनी संपवली. हैतीमध्ये १७९१ पासून गुलामांनीच उठाव करून १८०४ ला स्वतंत्र राज्य उभं केलं. जमैकात १८३१ च्या नाताळात सॅम शार्पच्या पुढारपणाखाली हजारो गुलामांनी काम थांबवलं, मळे पेटले. शार्पला १८३२ मध्ये फाशी झाली आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये कायदा मंजूर झाला. हा क्रम पट्टीवर शेजारी शेजारी लावा. विल्बरफोर्सची चिठ्ठी काढायची गरज नाही, पण ती एकटी राहू नये.

१८०७ ला गुलामांचा व्यापार बंद. १८३३ चा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून लागू, सुमारे ८ लाख माणसांना. पण लगेच मोकळीक नाही: त्यांना 'शिकाऊ' म्हणायचं आणि जुन्याच मालकाकडे आठवड्याला ४५ तासांपर्यंत बिनपगारी राबवायचं. हे १ ऑगस्ट १८३८ ला संपलं. भरपाई मिळाली २ कोटी पौंड, आणि ती मालकांना. सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या ४० टक्के. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची बाकी ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये फेडली.

भाग करायला लावा: २ कोटी भागिले ८ लाख, माणशी सरासरी २५ पौंड. मग सांगा की गयानात माणशी रक्कम जमैकाच्या दुपटीहून जास्त होती, कारण तिथल्या मळ्यांत गुलामांचा बाजारभाव चढा होता. ज्याची मोजणी झाली त्याच्या हातात शून्य.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचं 'लेगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी' हे संकेतस्थळ फुकट आहे. त्यात दावेदाराचं नाव, वसाहत, गुलामांची संख्या आणि रक्कम असते. पाच-सहा नोंदी छापून न्याव्यात. वाचताना तीन ठिकाणी चुकतं. यादीत नाव आहे म्हणजे पैसे मिळालेच असं नाही, फेटाळलेले दावेही त्यात आहेत. दावेदार म्हणजे मळ्याचा मालकच असंही नाही. मळा गहाण ठेवून घेतलेला सावकार किंवा विश्वस्तही असतो. आणि रक्कम पौंड, शिलिंग, पेन्समध्ये असते: २० शिलिंगांचा पौंड, १२ पेन्सचा शिलिंग. दशांश समजून बेरीज केली की हिशेब फसतो. आजच्या रुपयांत तर रूपांतर करूच नये. गुणक कुठला घेतला त्यावर आकडा दसपट बदलतो आणि मग तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

चौथी रात्र : कापूस, उचल आणि आपला तक्ता

बैठकीला कापसाचं एक बोंड घेऊन या. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला असे. १८६१ ते १८६५ च्या यादवीत तो थांबला, लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या आणि मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. खान्देशच्या काळ्या जमिनीत कापूस वाढला त्यात या तेजीचाही वाटा आहे. गुलामांचा धंदा करून मोठं झालेलं लिव्हरपूल हेच नंतर कापसाचं बंदर.

आता विचारा: १ ऑगस्ट १८३४ ला खान्देशही ब्रिटिशांचा होता, मग इथे तो कायदा लागू झाला का? नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला होता. इथे १८४३ चा पाचवा कायदा आला. त्याने गुलाम बाळगणं गुन्हा ठरवलं नाही, फक्त कोर्ट तो हक्क मानणार नाही एवढं म्हटलं. माणूस गुलाम म्हणून विकत घेणं-विकणं गुन्हा झालं ते दंड संहितेने, १८६२ पासून.

मळ्यांत गुलामाची जागा करारबंद मजुराने घेतली. १८३४ पासून मॉरिशसला साडेचार लाखांवर हिंदी माणसं गेली, त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे मराठीही होते. तिथे एक दिवस खाडा पडला तर दोन दिवसांची मजुरी कापत. हे वाक्य ऊसतोडीच्या जोडप्यांसमोर वाचा आणि थोडं थांबा. पुढचं बोलणं तेच करतील.

खुद्द इंग्लंडात १८२३ च्या मालक-नोकर कायद्याखाली करार मोडणाऱ्या मजुराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होई, मालकाने मोडला तर मात्र दिवाणी दावा. तो एकतर्फीपणा १८७५ ला गेला. त्याचाच भाऊ इकडे १८५९ चा तेरावा कायदा: उचल घेऊन काम न करणाऱ्याला तुरुंग. तो इथे १९२५ पर्यंत रद्द झाला नव्हता. इंग्लंडने घरी मोडीत काढलेलं हत्यार आपल्याकडे आणखी पन्नास वर्षं चाललं.

शेवटचा पाऊण तास तक्त्याला. सालदार आणि ऊसतोडीचा कोयता (नवरा-बायकोची जोडी) या दोन ओळी लोकांनीच भरायच्या. 'सालदार म्हणजे गुलाम' असा निष्कर्ष काढू नका: खोटा आहे, आणि समोर बसलेल्याचा अपमानही. कोणाची उचल किती, कोणाकडे, हे चारचौघांत विचारू नये. 'एखाद्याची' असं म्हणून बोलावं. मालक मंडळी चिडली तर १३५१ च्या दरांची चिठ्ठी त्यांच्या हातात द्या आणि धान्याचे भाव तसेच गोठवले असते तर काय झालं असतं, हे त्यांनाच सांगू द्या.

बैठकीनंतर कोणी बाजूला घेऊन सांगितलं की मुकादम जाऊ देत नाही, पोरगं ठेवून घेतलंय किंवा उचल दरवर्षी वाढतेच आहे, तर वर्ग तिथे संपतो आणि कायदा सुरू होतो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच रद्द केली आहे, आणि ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायचं ओझं सावकारावर आहे. वेठबिगारी करायला लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं आहे. अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्याकडे लेखी द्यावा. माणूस, कामाची जागा, कधीपासून, उचल किती आणि कोणी दिली, जाऊ न दिल्याची तारीख एवढं त्यात हवं, पोच घ्यावी. मुक्ततेचा दाखला हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये, कारण पुनर्वसनाची मदत त्यावरच अडते. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. त्या माणसाचं नाव वर्गाच्या वहीत, फोटोत किंवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुठेही येऊ देऊ नका.